घरी चिकन विंग्ज भाजायचे तर शेगडी, ओव्हन की एअर फ्रायर?

साधन कोणते घ्यावे हा प्रश्न नंतरचा. निम्मा निकाल चिकनवाल्याच्या दुकानातच लागतो. आपल्याकडे कोंबडी सोलून देण्याचीच रीत असल्यामुळे ‘विंग्ज स्किनसकट हवेत’ हे सुरी चालण्यापूर्वी सांगावे लागते. विंग्जमध्ये मांस थोडे आणि कातडीत चरबी बरीच असते. ती कातडीच गेली की मांस कशावरही भाजा, कोरडे पडते.

गोव्यात डिचोली, पेडणे किंवा फोंड्याकडच्या ज्या घरांना अंगण किंवा परस आहे, त्यांनी कोळशाच्या शेगडीचा विचार आधी करावा. वितळलेली चरबी निखाऱ्यांवर ठिबकून जो धूर उठतो, त्याची चव ओव्हन किंवा एअर फ्रायर देऊ शकत नाही. मात्र त्याच चरबीने जाळ उसळतो आणि कातडी काळी पडली तरी हाडाजवळचे मांस कच्चे राहते. म्हणून करवंटीच्या कोळशावर पांढरी राख धरली की निखारे एका बाजूला सारावेत, विंग्ज दुसऱ्या बाजूला ठेवून झाकणाखाली सुमारे अर्धा तास शिजू द्यावेत आणि शेवटची तीन-चार मिनिटेच थेट निखाऱ्यांवर, सतत उलटत भाजावेत. झाकण नसलेली शेगडी या कामाला अपुरी पडते. जून ते सप्टेंबर तिचा उपयोग जवळजवळ नाहीच, आणि फ्लॅटच्या स्वयंपाकघरात किंवा काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत तर कोळसा कधीच पेटवू नये, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास.

पणजी-मडगावच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांपुढे मग ओव्हन आणि एअर फ्रायर उरतात. (गॅसवरचा ग्रिल पॅन विंग्जसाठी मी धरतच नाही, त्यांचा आकार इतका वेडावाकडा असतो की पॅनला जेमतेम दोन ठिकाणी टेकतात.) एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेला छोटा ओव्हनच. 200 अंशांवर 20 ते 25 मिनिटांत तो कातडी कुरकुरीत करतो, पण विंग्ज एका थरात मावतील तेवढेच घ्यावे लागतात. दोन-तीन माणसांना तो पुरतो. पाहुणे आले की घाण्यामागून घाणा काढत बसावे लागते. ओव्हनला 220 अंशांवर 40 ते 45 मिनिटे लागतात, परंतु ट्रेवर जाळी ठेवली तर किलोभर विंग्ज एकदम होतात. किलोला दोन छोटे चमचे बेकिंग पावडर आणि मीठ कोरड्या कातडीला चोळून रात्रभर फ्रिजमध्ये उघडे ठेवल्यास ओव्हनमध्येही कातडी चांगली फुलते. येथे खाण्याचा सोडा मात्र चालत नाही. त्याची चव लागते.

गोव्यात खरी निवड मसाला करतो. कोथिंबीर, हिरवी मिरची, आले, लसूण आणि मिरी यांचा काफ्रेल ओला असतो, त्यामुळे एअर फ्रायरच्या वाऱ्यात तो सुकून सुटतो. त्याला ओव्हन किंवा शेगडी बरी. रेशादमध्ये लाल मिरची आणि माडाच्या व्हिनेगरसोबत साखरही असते, आणि ती निखाऱ्यांवर करपून कडू होते. रेशादचे विंग्ज शेगडीवर करायचेच असतील तर आधी मीठ लावून भाजावेत आणि मसाला शेवटच्या मिनिटांत फासावा. कच्च्या चिकनला लागलेला उरलेला मसाला त्यासाठी वापरू नये.

कोंबडी 74 अंशांना सुरक्षित शिजते, पण विंग्जमधील चिवट भाग मऊ व्हायला आत 80 ते 85 अंश गाठणे चांगले. कोवळ्या कोंबडीच्या हाडाजवळ शिजल्यावरही गुलाबी छटा राहू शकत असल्याने रंगावर विसंबता येत नाही. घरी ओव्हन असेल तर केवळ विंग्जसाठी एअर फ्रायरवर पैसे घालण्यापेक्षा टोचून पाहण्याचा साधा थर्मामीटर घ्यावा आणि उरलेल्या पैशांत झाकणाची शेगडी बसते का ते पाहावे.