‘आयलँड’मधला सायलेंट एस: शब्दांचं मूळ सांगणारे चार ऑनलाइन कोश

कोशाची परीक्षा घ्यायला अवघड शब्द लागत नाही. ‘आयलँड’ पुरतो. अर्थ सरळ, चहूबाजूंनी पाणी असलेली जमीन, आणि स्पेलिंगमध्ये आय-एस-एल-ए-एन-डी यातला एक एस, जो या शब्दात कधीच उच्चारला गेला नाही. तो तिथे कसा आला हे कोश किती नीट उलगडतो, यावरून त्याची कुवत कळते.

आधी उत्तर पाहू. जुन्या इंग्रजीत ‘ईग’ म्हणजे बेट. त्याला ‘लँड’ जोडून ‘ईगलँड’ झाला. पुढची काही शतकं लोक तो आय-एल-ए-एन-डी किंवा आयच्या जागी वाय घालून लिहीत होते. एसचा पत्ता नव्हता. शेजारीच फ्रेंचमधून आलेला ‘आइल’ हा शब्द होता, आय-एस-एल-ई असा लिहिला जाणारा. त्याचं मूळ लॅटिन ‘इन्सुला’, म्हणून त्यातला एस हक्काचा. अर्थ तोच आणि रूपही जवळचं, त्यामुळे दोन्ही शब्द एका कुळातले समजले गेले आणि पंधराव्या-सोळाव्या शतकांत ‘आयलँड’मध्येही एस घुसला. त्याच गोंधळात खुर्च्यांच्या रांगांमधली वाट दाखवणाऱ्या दुसऱ्या ‘आइल’लाही (ए-आय-एस-एल-ई) तो चिकटला. त्या शब्दाचं मूळ तर लॅटिन ‘आला’, म्हणजे पंख. बेटाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. गंमत म्हणजे फ्रेंचांनी पुढे आपल्या शब्दातला हक्काचा एस काढून टाकला, आणि इंग्रजीने उसना एस जपून ठेवला.

आता कोश. पहिला थांबा बहुतेकांचा असतो तो ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी, म्हणजे एटिमऑनलाइन. डग्लस हार्पर यांनी या शतकाच्या सुरुवातीला तो उभा करायला घेतला. एका माणसाच्या चिकाटीतून एवढं काम झालं, याचं मोल मोठं आहे. मोफत आहे, नोंदी आटोपशीर आहेत आणि शब्दाचा प्रवास एका परिच्छेदात मावतो.

मात्र त्यातली सालं वाचायला शिकावं लागतं. ‘आयलँड’ची नोंद 1590च्या दशकाने सुरू होते. घाईत वाचणारा ‘हा शब्द 1590च्या सुमाराचा’ असं लिहून मोकळा होतो. ते चूक आहे. तो काळ एस असलेल्या रूपाचा. त्याच वाक्यात पुढे एस नसलेलं रूप 1300च्या आसपासचं, आणि त्यामागे जुन्या इंग्रजीतलं रूप दिलेलं आहे. शब्द हजार वर्षांहून जुना, आजचं स्पेलिंग चारशे वर्षांचं. या कोशातला पहिला आकडा कशाचा आहे, रूपाचा, अर्थाचा की नामाऐवजी क्रियापदाचा, हे वाक्य संपेपर्यंत ठरवू नये. आणि कोणताही आकडा सर्वात जुन्या सापडलेल्या लेखी पुराव्याचा असतो. बोलण्यात शब्द त्याआधीच असणार.

दुसरी अडचण मराठी वाचकाला लगेच टोचेल. जुन्या इंग्रजीतले, लॅटिनमधले आणि संस्कृतमधले शब्द इथे रोमन लिपीत येतात, आणि अनेक नोंदींत दीर्घ स्वरांवरची आडवी रेघ गाळलेली असते. अ आणि आ एकच दिसतात. संस्कृत शब्द इथून उचलून देवनागरीत लिहिणार असाल, तर ऱ्हस्व-दीर्घ दुसरीकडे तपासल्याशिवाय लिहू नका. तारांकित रूपांचंही भान हवं. शब्दाआधी तारा असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलनेने बांधलेलं आहे. ‘ईग’च्या मागचं जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन ज्या कुळातल्या त्या मूळ भाषेतलं, रूप तसंच आहे. पुष्कळ लेखांत हा तारा गळतो आणि अंदाजाचा पुरावा होऊन बसतो.

एटिमऑनलाइनमध्ये खरी उणीव आहे ती पुराव्याच्या वाक्यांची. साल मिळतं, पण ते कोणत्या मजकुरातून आलं हे बहुतेक वेळा दिसत नाही. त्यासाठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीकडेच जावं लागतं. पहिला भाग 1884मध्ये निघाला, काम 1928मध्ये पुरं झालं, 1989मध्ये वीस खंडांची दुसरी आवृत्ती आली आणि 2000मध्ये कोश ऑनलाइन झाला. स्पेलिंगच्या अभ्यासाला याच्या तोडीचं दुसरं साधन नाही. प्रत्येक मोठ्या नोंदीत शब्दाच्या रूपांची यादी असते आणि कोणतं रूप कोणत्या शतकात चालत होतं हेही. ‘डेट’, म्हणजे कर्ज, या शब्दाची रूपं पाहा. आधी बी नसलेली फ्रेंच वळणाची रूपं, मग लॅटिन ‘डेबिटुम’ आठवून घातलेला बी. हा बीही उच्चारला जात नाही, पण त्याचं नातं खरं आहे. ‘आयलँड’चा एस खोट्या नात्याचा. दोन्ही अक्षरं सायलेंट असली तरी त्यांची कारणं वेगळी आहेत, हा फरक रूपांच्या यादीशिवाय डोळ्यांना दिसत नाही.

इथे दोन गोष्टींत हमखास फसगत होते. एक, अर्थ जुन्याकडून नव्याकडे लावलेले असतात. ‘नाइस’ उघडलं की आधी ‘मूर्ख’ भेटतो, कारण मूळ लॅटिन ‘नेस्कियुस’ म्हणजे अजाण. ‘छान’ हा अर्थ बराच खाली, अठराव्या शतकातला. पहिला अर्थ तो आजचा अर्थ, ही सवय इथे चालत नाही. दोन, सगळ्या नोंदी एकाच वयाच्या नाहीत. नव्या आवृत्तीसाठी फेरतपासणी एम या अक्षरापासून सुरू झाली आणि अजून चालू आहे. नोंद कधी सुधारली ते तिथेच लिहिलेलं असतं. ते आधी पाहा. न सुधारलेल्या नोंदीतलं सर्वात जुनं साल पुढे आणखी मागे सरकू शकतं.

हा कोश वर्गणीचा आहे. वर्गणीशिवाय त्रोटक माहिती दिसते, अवतरणं नाहीत. आपल्या ग्रंथालयाने किंवा विद्यापीठाने वर्गणी भरली असेल तर तिथल्या खात्याने आत जाता येतं. हे विचारून घेण्याचा त्रास जरूर घ्यावा.

मेरियम-वेबस्टर हा अमेरिकन कोश मोफत आहे, स्पेलिंग आणि उच्चारासाठी भरवशाचा. ‘आयलँड’ला तो बाराव्या शतकाआधीचा म्हणतो. एटिमऑनलाइनचा 1590च्या दशकाचा आकडा पाहिल्यावर दोघांपैकी एक चुकतोय असं वाटेल, पण दोघंही बरोबर आहेत. इथली तारीख शब्दाची, तिथली रूपाची. मूळ मात्र हा कोश फारच थोडक्यात उरकतो.

चौथा कोश विक्शनरी. तिच्यात दीर्घ स्वरांच्या रेघा नीट मिळतात, इतर भाषांतले सजातीय, म्हणजे त्याच मुळातून आलेले, शब्दही भरपूर. ती कोणालाही बदलता येते, म्हणून संदर्भ दिलेली व्युत्पत्ती आणि नुसतंच ठोकलेलं विधान यांत भेद करावा. पानाचा इतिहास उघडून वाद झालाय का तेही पाहता येतं.

लोकव्युत्पत्ती, म्हणजे शब्दाच्या मुळाबद्दल लोकांत पसरलेल्या खोट्या गोष्टी, खोडून काढायला मात्र एटिमऑनलाइनच सर्वात हाताशी. ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची इंग्रजी आद्याक्षरं, ही गोष्ट अजून फिरते. तो ‘न्यू’ या विशेषणापासून बनलेला, नव्या गोष्टी अशा अर्थाचा साधा अनेकवचनी शब्द आहे.

आणि मराठी वाचकाने एकदा तरी चारही कोशांत ‘मंगूस’ उघडून पाहावा. मूळ आपलं ‘मुंगूस’. त्याचं शेपूट इंग्रजांच्या कानाला ‘गूस’, म्हणजे हंसासारखा पक्षी, असं ऐकू आलं आणि स्पेलिंगही तसंच वळलं. त्या पक्ष्याचं अनेकवचन ‘गीस’ होतं, म्हणून मुंगसाचंही ‘मंगीस’ करण्याचा मोह होतो. प्रमाण रूप ‘मंगूसेस’च.