'येथे बालकामगार नाहीत' : तयार पाटी घ्यावी का?

नाशिकच्या रविवार कारंजा ते शालिमार पट्ट्यात नंबरप्लेट-रेडियमवाल्यांकडे ही पाटी तयार मिळते. 'आमच्या दुकानात १४ वर्षांखालील बालकामगार काम करत नाहीत.' अक्षर ठसठशीत, काचेवर पाच मिनिटांत चिकटते. उन्हातल्या शटरवर कडा लवकर सुटतात, म्हणून आतल्या भिंतीवर लावा. दिसण्याबद्दल तक्रार नाही, मजकुराबद्दल आहे.

बालकामगार बंदीचा कायदा १९८६ चा, मोठी दुरुस्ती २०१६ ची. मालकाने लावायच्या सूचनेत बंदी आणि शिक्षा दोन्हींचा सारांश हवा, तोही स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत. सहा महिने ते दोन वर्षं कैद, २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही : यातलं पाटीवर काहीच नाही. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर बंदी आहे, तीही गायब.

त्याहून मोठा घोळ पाटीखालीच दिसतो. गल्ल्यावर मालकाचा दहा वर्षांचा मुलगा. 'घरचंच पोरगं' म्हणून सगळे निश्चिंत! सवलत आहे, पण ती मदतीपुरती. २०१७ च्या नियमांनुसार शाळेच्या वेळेत नाही, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात नाही आणि विश्रांती सोडून दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नाही. मोठ्या माणसाच्या जागी मूल उभं करायचं नाही. उत्पादन ते विक्री या साखळीतलं कमाईचं कामही चालत नाही, म्हणजे रोज बिलं फाडायला बसवणं अडचणीचंच, पगार द्या वा न द्या.

'घरचं' म्हणजे आई, वडील, भाऊ, बहीण, काका, आत्या, मामा, मावशी. आजोबा आणि चुलतभाऊ या यादीत नाहीत, त्यामुळे दुकान कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. सिन्नरकडे घरी विड्या वळतात, तिथे १४ खालच्या मुलाची मदतसुद्धा बंद. दिवाळीच्या फटाका स्टॉलवर तर १८ पूर्ण होईपर्यंत नाही, स्टॉल बापाचा असला तरी.

'नव्या चार कामगार संहितांनी हे सगळं बदललं' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. हा कायदा त्यांत विलीन झालेला नाही.

पाचपैकी दोन तारे. त्यापेक्षा बंदी आणि शिक्षेचा मजकूर मराठी-इंग्रजीत टाइप करून घ्या, ए-फोरवर छापून लॅमिनेट करा आणि गल्ल्यामागे लावा.