डार्क नाइट्स मेटल: वाईट बॅटमन एक नंबर, पण मेन पुस्तकात त्यांनाच जागा नाही

डीसीची 'डार्क नाइट्स: मेटल' ही कॉमिक्स मालिका सुरू झाली ऑगस्ट 2017 ला, संपली मार्च 2018 ला, आणि अजूनही चार कॉमिक्सवाले जमले आणि कुणी नाव काढलं की दोन तट पडतातच. अर्धे म्हणतात डीसीने एवढी धमाल कित्येक वर्षांत केली नव्हती, उरलेले म्हणतात सहा इश्यू (अंक) वाचले पण शेवटी नक्की झालं काय ते कुणीतरी सांगा रे. मला दोन्ही पटतं, कारण हे भांडण बहुतेक वेळा वेगवेगळी पुस्तकं वाचलेल्या लोकांचं असतं. ज्याने फक्त मेन मालिका घेतली तो वैतागलेला, आणि ज्याने वाईट बॅटमनांचे वन-शॉट, म्हणजे एकाच इश्यूत संपणाऱ्या सुट्या गोष्टी, वाचल्या तो खूश.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेखक स्कॉट स्नायडर आणि चित्रकार ग्रेग कपुलो, म्हणजे 2011 पासून न्यू 52 चा (डीसीने तेव्हा नव्याने सुरू केलेल्या मालिकांमधला) बॅटमन गाजवला तीच जोडी. डीसीच्या 52 विश्वांचा नकाशा आहे ना, तो उलटा केला तर मागे काय, असा सगळा खेळ. मागे आहे डार्क मल्टिव्हर्स, तिथली विश्वं लोकांच्या भीतीतून तयार होतात आणि टिकत नाहीत, आपोआप सडून विरून जातात. बार्बाटोस नावाचा एक वटवाघूळ-देव पाच धातूंनी ब्रूस वेनचा, म्हणजे आपल्या खऱ्या बॅटमनचा, दरवाजा करून टाकतो आणि त्यातून सात बॅटमन आपल्या विश्वात येतात. त्यातले बरेचसे म्हणजे ब्रूस अधिक जस्टिस लीगमधल्या (डीसीच्या सुपरहिरोंच्या टीममधल्या) कुणाची तरी ताकद, आणि मधून काढून टाकलेली माणुसकी.

आता वन-शॉट. खरा माल इथे आहे.

रेड डेथ बघा. म्हातारा होत चाललेला ब्रूस, सगळे रॉबिन (त्याचे पोरसवदा साथीदार) गमावलेले, त्याला वेग हवाय म्हणजे सगळ्यांना वाचवता येईल, म्हणून तो बॅरी ॲलनला, म्हणजे फ्लॅशला, बॅटमोबाईलवर बांधतो आणि गाडी सरळ स्पीड फोर्समध्ये, फ्लॅशला वेग देणाऱ्या शक्तीत, घालतो. वाचताना त्याचं म्हणणं क्षणभर पटतं हो, तेच भयंकर आहे. डॉनब्रेकरमध्ये तर आई-वडिलांचा खून झाला त्याच रात्री छोट्या ब्रूसला ग्रीन लँटर्नची अंगठी मिळते, अंगठी म्हणते जीव घेता येणार नाही, आणि या पोराची इच्छाशक्ती एवढी जबरदस्त की तो अंगठीलाच वाकवतो. आपण इतकी वर्षं ज्या इच्छाशक्तीचं कौतुक करत आलो तीच इथे विष होते. हा प्रकार मला फार आवडला.

पण माझा सगळ्यात आवडता मर्डर मशीन. बेन हा व्हिलन आणि त्याची गँग ब्रूसला वाढवणाऱ्या बटलर आल्फ्रेडला मारतात, ब्रूस कोलमडतो, जस्टिस लीगमधल्या अर्धा यंत्र असलेल्या सायबॉर्गला म्हणतो मला आल्फ्रेडचा एआय करून दे. बस, एवढंच. म्हातारा परत हवा होता त्याला, बाकी काही नको होतं. मग तो आल्फ्रेड स्वतःच्या कॉप्या काढत जातो, मास्टर ब्रूसला सुरक्षित ठेवायचं म्हणून गॉथममधल्या सगळ्या व्हिलनना संपवतो, आणि शेवटी ब्रूसलाही गिळतो. रिकार्डो फेडेरिचीची चित्रं आहेत, पेन्सिलचा पोत तसाच ठेवलेला, त्यामुळे सगळी पानं राखेने माखल्यासारखी दिसतात. हा एक इश्यू मेटलमधलं दुसरं काहीही न वाचता वाचला तरी चालतो.

मर्सिलेसही चांगला आहे, युद्धदेव एरीसचं शिरस्त्राण घातलेला बॅटमन, त्यात डायनाबद्दल (वंडर वुमन) शेवटी जे कळतं ते सांगत नाही. ड्राउन्ड म्हणजे ब्राइस वेन, बाई बॅटमन, आयडिया झकास पण इश्यू घाईत उरकलाय. डेव्हस्टेटर म्हणजे डूम्सडे या सुपरमॅनच्या राक्षसी शत्रूचा व्हायरस टोचून घेतलेला बॅटमन, ठीक, पोस्टरला बरा.

तर माझं म्हणणं असं की वाईट हिरो तेव्हाच चावतो जेव्हा तो नेमक्या कुठल्या पायरीवरून घसरला ते दिसतं. क्राइम सिंडिकेट, म्हणजे जस्टिस लीगची वाईट आवृत्ती, 1964 पासून आहे, अर्थ-3 या दुसऱ्या विश्वावरचे अल्ट्रामॅन, आउलमॅन, सुपरवुमन वगैरे, 2013 च्या फॉरेव्हर एव्हिलमध्ये जेफ जॉन्सने त्यांना मोठा इव्हेंटही दिला, पण ती मंडळी मुळातच नीच. घसरायला वर कधी होतीच कुठे? म्हणून त्या पुस्तकात मजा येते ती लेक्स लूथरची, सिंडिकेटची नाही. उलट 2003 मध्ये कार्टूनच्या जस्टिस लीगमध्ये जस्टिस लॉर्ड्स, म्हणजे दुसऱ्या विश्वातले हुकूमशहा झालेले तेच हिरो, आले ते बघा, फ्लॅश गेला, सुपरमॅनने एकदाच, एकाच माणसाला जाळलं, आणि तिथून पुढचं जग फिरलं. ज्यांनी ते लहानपणी टीव्हीवर पाहिलंय त्यांच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. मेटलचे वन-शॉट त्या जातीचे आहेत.

आणि मेन मालिका? पहिल्या इश्यूत जस्टिस लीग मोंगल नावाच्या व्हिलनच्या आखाड्यात ग्लॅडिएटर, मग सगळ्यांचे रोबो एकमेकांना जोडून एक महारोबो, मग गॉथमच्या मधोमध अख्खा डोंगर उगवतो, शेवटच्या पानावर सँडमन या कॉमिक्समधला स्वप्नांचा राजा ड्रीम उभा, पुढे बेबी डार्कसाइड, हॉकमॅनची डायरी, कोर्ट ऑफ आउल्स, बॅटमेनियम नावाचा धातू (हो, खरंच हेच नाव आहे, आणि मी मोठ्याने हसलो). मिरवणुकीत दोन डीजे समोरासमोर आले की जे होतं ते सहाच्या सहा इश्यू चालू असतं. कपुलोने वर्षानुवर्षं स्पॉन हे कॉमिक काढलंय, त्यामुळे काटे, साखळ्या, सळसळणारे केप या सगळ्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही, एफसीओ प्लासेन्सियाचे रंगही तसेच भडक, पानं नुसती बघत बसावीत अशी. पण ज्या सात जणांसाठी आपण पैसे मोजले ते इथे रांगेत उभे राहून एकेक डायलॉग मारतात आणि मार खातात. मर्डर मशीनच्या पोटात आल्फ्रेड आहे याचा खऱ्या ब्रूसवर काय परिणाम होतो? खऱ्या आल्फ्रेडवर? मेन मालिकेला या प्रश्नात काही रसच नाही. मला याचा राग अजून आहे.

आता बॅटमन हू लाफ्स, कारण याच्यावरच सगळ्यात जास्त वाद. ओरिजिन स्टोरी मस्तच आहे, जोकर हद्द ओलांडतो, बॅटमन त्याची मान मोडतो, आणि जोकरच्या शरीरात लपवलेला विषारी वायू बॅटमनलाच जोकर करत जातो. रायली रॉस्मोची वेडीवाकडी चित्रं त्याला शोभतात. डोळ्यांवर लोखंडी पट्टी, काटे, साखळीला बांधलेली रॉबिन पोरं, डिझाइन बघून बऱ्याच जणांना 2000 एडी या ब्रिटिश कॉमिकमधला जज डेथ आठवला, मलाही आठवला, पण चालतंय. प्रॉब्लेम पुढे झाला. पब्लिकला तो आवडला म्हणून त्याला स्वतःची मालिका, मग जस्टिस लीगमध्ये एंट्री, मग 2020 चं डेथ मेटल, तिथे तर त्याला जवळजवळ देवच करून टाकला. जो माणूस एका वाईट दिवसामुळे भीतीदायक होता तो ग्रह फोडायला लागला की भीती संपते. 'बॅटमन हू लाफ्स नको आता' म्हणणारे फॅन नुसते कटकटे आहेत असं मी म्हणणार नाही, त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. फक्त लेखक स्नायडर आणि चित्रकार जॉकची ती सात इश्यूंची मालिका यात धरू नका, तिच्यात हा पुन्हा माणसाच्या साइजचा होतो.

'डीसीत सगळं बॅटमनचंच का' ही तक्रारही नेहमी ऐकू येते. इथे ती मला लागू वाटत नाही. वाईट सुपरमॅन आपण इनजस्टिसच्या गेम आणि कॉमिक्समध्ये पोटभर पाहिला, आणि बॅटमनकडे मुळात सुपरपॉवर नाही म्हणून तर त्याला ती मिळाल्यावर काय होईल हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारता येतो.

घ्यायचं असेल तर नीट बघून घ्या, कारण नावं सारखी आहेत. नुसतं मेटल असं लिहिलेल्या पुस्तकात सहा इश्यूंची मेन मालिका असते, वन-शॉट नसतात. त्यासाठी 'डार्क नाइट्स रायझिंग' असं लिहिलेलं वेगळं पुस्तक आहे, तेच आधी घ्या. मेन मालिका त्यानंतर, मोठ्या साइजची डीलक्स मिळाली तर बरं, कपुलोची पानं छोट्या साइजला दबतात. 'रोड टू मेटल'मधले फोर्ज आणि कास्टिंग हे आधीचे दोन इश्यू वाचले तर धातूंची भानगड थोडी कळते, नाही वाचले तरी फार बिघडत नाही. गॉथम रेझिस्टन्सचे टाय-इन (इतर मालिकांमधले जोड-इश्यू) मी पैसे देऊन पुन्हा घेणार नाही. आणि डेथ मेटल कुणाकडून तरी मागून वाचा.