गोळ्यांचा ढीग की दोन घड्याळं?

फेलिक्स गोन्झालेझ-टोरेसची (१९५७–१९९६) एकच कलाकृती पाहायची तर कोणती? बहुतेक जण गोड गोळ्यांचा ढीग सांगतात. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधला हा ढीग १९९१चा. रंगीत कागदात गुंडाळलेल्या गोळ्या, ढिगाचं ठरवून दिलेलं आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे साधारण ७९ किलो. शीर्षकात नाव आहे ते रॉसचं, त्याच वर्षी एड्समुळे गेलेल्या कलाकाराच्या जोडीदाराचं. प्रेक्षकाने गोळी उचलायची, हवी तर तिथेच चघळायची. ढीग घटतो, संग्रहालय तो पुन्हा भरू शकतं. म्हणजे ढिगाच्या रूपात माणूस झिजतोय आणि त्यात आपलाही हात आहे. तोंडात गोडवा असताना हे कळणं जरा क्रूरच.

न्यूयॉर्कच्या मोमामधली (आधुनिक कलेच्या संग्रहालयातली) घड्याळांची जोडीही १९९१चीच. भिंतीवर एकमेकांना टेकलेली, बॅटरीवर चालणारी दोन साधी घड्याळं, एकाच वेळेला लावलेली. पुढे त्यांची वेळ हळूहळू जुळेनाशी होते. बस, एवढंच.

मला घड्याळंच सरस वाटतात. रॉस कोण हे ठाऊक नसेल तर ढीग अर्धाच कळतो (आणि गोळी घ्यायची मुभा असल्याने पुष्कळांचं लक्ष तिथेच अडकतं). घड्याळांना खुलासा लागत नाही. तरी प्रत्यक्ष जाऊन बघायचा तो ढीगच. घड्याळांचं छायाचित्रसुद्धा पुरतं.