कोऱ्या पंचनाम्यावर सही करू नका

2024 चा खरीप. दारव्हा तालुक्यात आमचं तीन एकर वावर. सोयाबीन सोंगून पसरलेलं, अन् वरून दोन दिवस पाऊस. तिसऱ्या दिवशी शेंगेतच कोंब दिसले. पीकविम्याला तेव्हा 72 तासांच्या आत कळवावं लागायचं, हे ठाऊक होतं. पीकविम्याचा 14447 हा फोन नंबर लागता लागता संध्याकाळ झाली, पण तक्रार क्रमांक मिळाला. फोटोही काढून ठेवले.

तेव्हाच्या नियमाप्रमाणे 48 तासांत पाहणीचा माणूस नेमायचा अन् पुढच्या 10 दिवसांत पाहणी उरकायची. आमच्याकडे विम्याचा पोरगा उगवला विसाव्या दिवशी. तोवर भिजलेलं सोयाबीन ठेवू कुठं? थ्रेशर लावून मोकळा झालो होतो. दाणा काळा पडलेला; व्यापाऱ्यानं मूठ भरून घेतली अन् काही न बोलता परत टाकली.

पोरगा धुऱ्यावरच थांबला. बॅगेतून पंचनाम्याच्या छापील फॉर्मांचा गठ्ठा काढून म्हणाला, "काका, लय वावरं राहिले. तुम्ही सही करा, बाकीचं मी रात्री भरतो." कृषी सहायक सोबत नव्हते, ते म्हणे नंतर सही करतात. वर पेट्रोलचे पाचशे मागितले. दिले. शेजारच्यानंही दिले, म्हणून मलाही वावगं वाटलं नाही.

उन्हाळ्यात खात्यात चार हजार आठशे पडले. सोंगणीची मजुरीच बारा हजार गेली होती! कंपनीच्या तालुक्यातल्या खोलीवर तीन चकरा मारल्या तेव्हा कुठे पंचनाम्याची झेरॉक्स दिसली. 'उभे पीक' यावर खूण, नुकसान 10 टक्के, खाली माझी सही. कापून पसरलेल्या पिकाला 2024 मध्ये सोंगणीपासून 14 दिवस विम्याचं संरक्षण होतं, त्याचा रकाना वेगळा. तो कोरा. तारखेचे फोटो दाखवले, तर तिथला माणूस म्हणे, "मोबाइलचं नाही चालत, कागदावर आहे तेच खरं." नुकसान कळवायला मोबाइल चालला होता बरं का!

पाहणीला कोणी आलं तर टक्के अन् पिकाची अवस्था आपल्यासमोर पेनानं भरून घ्या, कृषी खात्याचा माणूस हजर ठेवा, अन् सही केल्या केल्या त्या कागदाचा फोटो काढा. मी यातलं एकही केलं नाही.

आता तालुका तक्रार निवारण समितीकडे अर्ज दिलाय. सोबत फोटो अन् फोन-पेची पावती. बाबूनं पावती उलटसुलट पाहिली अन् विचारलं, "हे पाचशे कशाचे?"

म्हटलं, पेट्रोलचे.