सहा रविवार, एक प्रश्न : इंदूरमधील एका अभ्यासवर्गाविषयी

या पावसाळ्यात इंदूरमधील एका जुन्या मराठी वाचनालयाने ‘राष्ट्रांच्या आठवणी आणि परराष्ट्र धोरण’ या विषयावर सहा रविवारांचा अभ्यासवर्ग घेतला. शुल्क सहाशे रुपये, वेळ सकाळी नऊ ते अकरा, आणि शिकवायला राज्यशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका, ज्यांना वर्गातले सगळे ताई म्हणत. मी सहाही रविवार हजर होते. अशा वर्गासाठी पैसे आणि सुट्टीची सकाळ द्यावी का, असे ओळखीतल्या काहींनी विचारले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या रविवारी युरोपचे नाव निघाले नाही, चीनचेही नाही; विषय होता पानिपत. पानिपताबद्दल घरात जे ऐकले ते दहा ओळींत लिहून आणा, पुस्तक उघडू नका, असे ताईंनी नाव नोंदवतानाच सांगितले होते. आम्ही बावीस जण होतो. कागद वाचले गेले तेव्हा १४ जानेवारी १७६१ या एकाच दिवसाच्या दोन हकिकती समोर आल्या. ज्यांचे आजोळ-घर पुण्याकडचे, त्यांच्याकडे मल्हारराव होळकर रण सोडून गेले होते. ज्यांच्या चार पिढ्या इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास गेल्या, त्यांच्याकडे सुभेदारांनी, म्हणजे याच मल्हाररावांनी, लढाई हातची गेल्याचे ओळखून उरलेली माणसे वाचवली होती. मल्हारराव मैदानातून निघाले हे दोन्ही घरांना मान्य आहे, भांडण आहे ते त्याच्या अर्थाचे. मराठ्यांनी १७७१ मध्ये दिल्ली पुन्हा ताब्यात घेतली आणि पुढच्याच वर्षी महादजी शिंद्यांनी मुघल बादशहा शाह आलमला तिथल्या तख्तावर आणून बसवले, याचा उल्लेख मात्र अवघ्या दोन कागदांवर होता. पराभवासाठी ‘पानिपत झाले’ हा शब्दप्रयोग भाषेत कायमचा रुजला. दहा वर्षांनी दिल्ली परत मिळाली, तिच्यासाठी आपण तसा एकही शब्दप्रयोग घडवला नाही. हे ऐकताना वर्गात जी शांतता पसरली, ती मला अजून आठवते.

गोष्ट सुरू कुठून करायची, हा वर्गाचा प्रश्न तिथूनच निघाला आणि तो सहाव्या रविवारपर्यंत सुटला नाही. एखाद्या देशाचा नेता इतिहास सांगू लागला, की तो गोष्ट कोणत्या सालापासून सुरू करतो ते आधी पाहावे, असे ताईंचे सांगणे होते. जुलै १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान ईडन यांच्या मनातली गोष्ट हिटलरशी झालेल्या म्युनिकच्या १९३८ च्या करारापासून सुरू होत होती. हुकूमशहाला वेळीच अडवले नाही तर काय होते, हा त्यांच्या पिढीने घेतलेला धडा होता आणि नासर त्यांना त्याच साच्यात दिसले. इजिप्तची गोष्ट मात्र १८८२ पासून, म्हणजे ब्रिटिश फौजांनी देश ताब्यात घेतला तिथपासून सुरू होत होती. दोघेही आपापल्या सालाशी प्रामाणिक होते, आणि म्हणूनच एकमेकांचे बोलणे एकमेकांना कळत नव्हते.

तिसऱ्या रविवारसाठी मी या वर्गाला पुन्हा पैसे देईन. ताईंनी येताना घरून एक वाटी खसखस आणली होती आणि ती हातोहात फिरवली. अनारशाला लावतो तीच ही. पण हिच्याच बोंडाला चिरा पाडून निघणारा चीक म्हणजे अफू, आणि एकोणिसाव्या शतकात होळकर-शिंद्यांच्या मुलखात पिकणारी माळव्याची अफू इंदूर-उज्जैनच्या पेढ्यांवरून मुंबईला आणि तिथून जहाजांनी चीनला जात होती. कंपनी सरकारने आधी हा माल स्वतःच विकत घेऊन व्यापार मुठीत ठेवण्याचा प्रयत्न केला, तो जमेना तेव्हा मुंबईपर्यंत माल नेण्याच्या परवान्यावर पैसे घेतले. जून १८३९ मध्ये लिन त्सशू या चिनी अधिकाऱ्याने हूमेन येथे वीस हजारांहून अधिक पेट्या अफू खड्ड्यांत चुना आणि मीठ घालून नष्ट करवली. त्या पेट्यांत माळव्याचा मालही होता. पुढे युद्ध झाले, १८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग बेट इंग्रजांकडे गेले, आणि आजचा चीन ज्याला ‘मानहानीचे शतक’ म्हणतो त्याची सुरुवात तिथे धरली जाते. १९८९ नंतर चीनच्या शाळांत या शतकावरचा भर वाढला. तैवानवर किंवा दक्षिण चिनी समुद्रावर बोलताना त्या देशाचे नेते वारंवार याच आठवणीचा आधार घेतात.

हे सगळे ऐकून एक ज्येष्ठ सदस्य उठून म्हणाले, “ताई, आमचे खापरपणजोबा अफूच्या पेढीवर हिशेबनीस होते. आमच्या घरात ही गोष्ट त्यांच्या हुशारीची म्हणून सांगतात.” ताईंनी वाटी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, “सांगत राहा काका. फक्त तो माल कुठे उतरला तेही नातवंडांना सांगा.” इंदुरात सगळा जन्म काढूनही, दुसऱ्या एका राष्ट्राच्या सर्वांत दुखऱ्या आठवणीत आपल्या गावचा माल पडलेला आहे, हे मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हते.

जर्मनीवरचा पाचवा रविवारही चांगला झाला. ७ डिसेंबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीचे चान्सलर विली ब्रांट यांनी वॉर्सातील ज्यू वस्तीच्या स्मारकासमोर गुडघे टेकले, त्याच दिवशी पोलंडशी करारावर सह्या झाल्या. आठवण सांभाळूनही शेजाऱ्याशी घरोबा जोडता येतो, याचे हे उदाहरण मनाला धीर देणारे होते. सर्बियाच्या आठवणीतली कोसोव्होची लढाई १३८९ ची आणि सर्बियाचे नेते मिलोशेविच यांचे तिथले भाषण १९८९ चे, हा भाग मात्र वीस मिनिटांत उरकला.

माझी खरी तक्रार चौथ्या रविवारची आहे. भारत-चीन सीमाप्रश्न हा आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा विषय, आणि त्यालाच सर्वांत कमी वेळ मिळाला. आपली गोष्ट १९५४ च्या पंचशील करारापासून सुरू होऊन ऑक्टोबर १९६२ च्या विश्वासघातावर येते. चीनची १९१४ च्या सिमला परिषदेपासून, म्हणजे साम्राज्यवाद्यांनी आखलेल्या मॅकमहोन रेषेपासून. इतके सांगून होते तोच वाचनालयाच्या दुसऱ्या कार्यक्रमासाठी सभागृह रिकामे करावे लागले, आणि प्रश्न विचारायला थांबलेल्या आम्हा सात-आठ जणांना जिन्यात उभे राहून ताईंशी बोलावे लागले. वाटलेल्या नकाशांच्या छायाप्रतीही इतक्या पुसट होत्या, की मॅकमहोन रेषा मला पेनने पुन्हा ओढावी लागली. शुल्क शंभर रुपयांनी वाढवा, पण नकाशे नीट छापा, असे मी व्यवस्थापकांना लिहून दिले आहे. या एका रविवारचे दोन करावेत, हेही कळवले आहे.

पुढचा वर्ग दिवाळीनंतर आहे. नाव नोंदवणाऱ्यांनी पानिपताचा कागद लिहिण्याआधी घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसावे. मी ते केले नव्हते. वर्ग संपल्यावर सासूबाईंना विचारले, तेव्हा त्यांनी पानिपत दोन वाक्यांत संपवले आणि होळकर इंग्रजांकडून हरले ती डिसेंबर १८१७ ची महिदपूरची लढाई, मंदसौरचा तह आणि त्यानंतर इंदुरात येऊन बसलेला इंग्रज रेसिडेंट यांवर त्या अर्धा तास बोलत राहिल्या.