शोकांतिका वाचताना टिलयार्ड किती वापरायचा?

इंग्रज समीक्षक ई. एम. डब्ल्यू. टिलयार्ड यांचं 'द एलिझाबेथन वर्ल्ड पिक्चर' 1943 साली आलं. शेक्सपिअरच्या काळातले लोक विश्वाकडे कसं पाहत, हा त्याचा विषय. एम.ए. इंग्रजीला शेक्सपिअर असलेल्यांच्या हाती ते आजही पडतं, आणि पडावंच. छोटंसं पुस्तक, भाषा सरळ. अस्तित्वाच्या साखळीवरची, म्हणजे सगळी सृष्टी पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेली आहे या कल्पनेवरची, प्रकरणं तर एका बैठकीत डोक्यात बसतात: दगडाला नुसतं अस्तित्व, झाडाला त्यावर जीव, जनावराला संवेदना, माणसाला बुद्धी, आणि देवदूत म्हणजे निव्वळ बुद्धी. शिवाय प्रत्येक थरात एक श्रेष्ठ: पक्ष्यांत गरुड, धातूंत सोनं, माणसांत राजा.

एवढं कळलं की 'मॅकबेथ'मधला अंक 2, प्रवेश 4 उलगडतो. राजा डंकनचा खून झालाय. रॉस आणि एक म्हातारा बोलताहेत. भरदिवसा रात्रीने सूर्याचा गळा दाबलाय, उंदरांवर जगणाऱ्या घुबडाने उंच भरारी घेतलेला ससाणा मारलाय, राजाचे उमदे घोडे तबेला तोडून माणसांवरच उलटलेत. वरवर वाचलं तर ही नुसती वातावरणनिर्मिती वाटते. खरं तर राजहत्येचाच गुन्हा इथे आकाशात, पक्ष्यांत आणि जनावरांत पुन्हा घडतोय.

अडचण पुढे आहे. टिलयार्ड ही चौकट अख्ख्या काळाची श्रद्धा म्हणून मांडतात. त्यांच्या पुराव्यांत आज्ञापालनावरचं 1547चं प्रवचन आहे, पण ते चर्चमध्ये वाचायचा सरकारी हुकूम होता. 1569च्या उत्तर इंग्लंडमधल्या बंडानंतर बंडखोरीविरुद्ध आणखी लांबलचक प्रवचन काढावं लागलं. सगळ्यांना पटलेली गोष्ट अशी पुन्हा पुन्हा बजावावी लागत नाही.

नाटकंही या चौकटीत मावत नाहीत. 'किंग लिअर'च्या अंक 1, प्रवेश 2 मध्ये सरदार ग्लॉस्टर ग्रहणांना दोष देतो आणि त्याची पाठ वळताच त्याचा अनौरस मुलगा एडमंड त्या समजुतीची खिल्ली उडवतो. एडमंड खलनायक खरा, पण त्याचा मुद्दा नाटकात कुणी खोडत नाही. (इंग्रजी जड जात असेल तर विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' शेजारी ठेवा.) शेक्सपिअरच्याच काळातल्या वेबस्टरच्या 'द डचेस ऑफ माल्फी'त तर उलटंच. आपल्या कारभाऱ्याशी लग्न करून पायरी मोडते डचेस, पण लांडगा झाल्याच्या भ्रमात प्रेतं उकरतो तो तिचा भाऊ, ड्यूक फर्डिनांड.

परीक्षेतली नेहमीची चूक म्हणजे 'साखळी तुटली, शिक्षा झाली, साखळी जुळली' हा साचा. 'मॅकबेथ'ला तो बराचसा चालतो. 'लिअर'ला लावायचा तर लिअरची निरपराध धाकटी मुलगी कॉर्डेलिया जगायला हवी, आणि तसा शेवट नाटककार नेहम टेटला 1681 मध्ये मूळ नाटक बदलून स्वतः लिहावा लागला.

म्हणून आधी साखळीची प्रकरणं वाचा, मग वरचे दोन प्रवेश, आणि त्यानंतर टिलयार्डच्या चौकटीला आव्हान देणारं जोनाथन डॉलिमोर यांचं 'रॅडिकल ट्रॅजेडी' (1984). याच साखळीच्या कल्पनेचा इतिहास सांगणारं लव्हजॉय यांचं 'द ग्रेट चेन ऑफ बीइंग' (1936) प्लेटोपासून सुरू होतं. ते जड आहे. फक्त नाटकांचा पेपर असेल तर नंतर वाचलं तरी चालेल.